डिसेंबरातलं लेकरू

आमची लेक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. ती दोन वर्षांची झाली आणि गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, "औंदा घालणार का शाळेत?" तेव्हा कळलं की शाळेच्या हिशेबात हा महिना अगदी काठावरचा आहे. महाराष्ट्रात नर्सरीसाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि पहिलीसाठी सहा. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा लेक असणार अडीच वर्षांची, तरी नियमात बसणार. तीच जानेवारीत जन्मली असती तर वर्षभर आपोआप थांबावं लागलं असतं आणि कुणी काही विचारलंही नसतं. आता नियमाची हरकत नव्हती, त्यामुळं ठरवायचं ते आम्हालाच होतं.

आम्ही अंबाजोगाईत राहतो. मी पतसंस्थेत कामाला आहे, आमचे हे पोस्टात. घरी सासूबाई आणि मामंजी आहेत, म्हणजे लेकराकडं बघायला माणूस आहे. म्हणूनच आम्हाला हा विचार निवांत करता आला. ज्या घरातून सकाळी दोघंही बाहेर पडतात आणि मागं कुणी उरत नाही, तिथं शाळा हीच लेकरू सांभाळायची जागा असते. त्या आयांना "थांबा की अजून वर्षभर" असं सांगणं मला पटत नाही.

घरात मतं दोन होती. नणंदेचे यजमान लातूरला असतात. त्यांनी फोनवरच हिशेब मांडला. "आत्ताच घाला. बारावीला वर्षानं लहान राहिली की डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला एक रिपीट हाताशी राहतंय." बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, पण बारावी आणि नीटच्या तयारीसाठी नावाजलेल्या लातूर पॅटर्नच्या पट्ट्यात असा हिशेब घरोघरी होतो. लोक शेत विकून पोरांना तिथं ठेवतात, एक-एक वर्ष मोजतात. नीटला बसायचं तर प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात. आमची लेक आत्ता घातली तरी त्यात बसत होती आणि वर्षानं घातली तरी बसत होती. पण अडीच वर्षांच्या लेकराचा निर्णय पंधरा वर्षांनंतरच्या परीक्षेवरून घ्यायचा, हे काही माझ्या मनाला येईना. ह्यांनी पोस्टातल्या माणसासारखा दुसरा मुद्दा काढला. उद्या बदली लातूरला किंवा नांदेडला झाली, केंद्रीय विद्यालयात घालायची वेळ आली, तर तिथं पहिलीला 31 मार्चला सहा पूर्ण लागतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहाच धरलं आहे. आत्ता नर्सरीत घातली तर ती साडेपाचव्या वर्षी पहिलीच्या दारात येईल. राज्याच्या शाळेत चालेल, केंद्रीय विद्यालयात चालणार नाही. धावत पुढं जाऊन तिथं वर्षभर थांबायचंच, तर ते वर्ष आत्ताच का थांबू नये?

सासूबाईंची कसोटी वेगळीच. त्यांनी लेकीला पुढ्यात उभं केलं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगितला. हात कसाबसा टाळूपर्यंत गेला. "आमच्या काळी कानाला बोटं पुरल्याबिगर मास्तर नाव घालून घेत नव्हते," त्या म्हणाल्या. जन्माचा दाखला नसायचा तेव्हा पहिलीसाठी हेच माप. डोकं आधी मोठं होतं आणि हात मागाहून लांबतात, साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास बोटं कानाला टेकतात. मग गुरुजी अंदाजानं जन्मतारीख टाकायचे. मामंजींच्या दाखल्यावर 1 जून आहे, त्यांच्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावरही 1 जूनच. ते माप पहिलीचं होतं, नर्सरीचं नव्हे. पण सासूबाईंचा रोख मला कळला. लेकराच्या अंगाकडं बघून ठरवा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

जानेवारीत फॉर्म निघाले. गावातल्या एका इंग्रजी शाळेत आम्ही तिघं गेलो. इमारत चांगली, भिंतींवर चित्रं, लहान पोरांच्या उंचीची बेसिनं. मॅडमनी आधी आमचं दोघांचं शिक्षण विचारलं, मग त्या लेकीकडं वळल्या. टेबलावर प्लास्टिकची फळं मांडलेली होती. केळं उचलून त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. लेकीनं माझ्या ओढणीचं टोक तोंडात घातलं आणि मागं लपली. रंग विचारला, तेच. बाप्पा कुठंय विचारलं, तरी तेच. घरात जिचं तोंड मिटत नाही ती पोरगी तिथं एक शब्द बोलली नाही. "होईल सवयीनं," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस रडतात, मग राहतात. फेब्रुवारीअखेर पैसे भरा, सीट राहत नाहीत." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशाच्या वेळी मुलाची आणि पालकांची अशी चाचणी घ्यायला मनाई केली आहे, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा. नर्सरीतली लेकरं बाहेर राहतात, आणि बहुतेक पालकांना त्यात काही खटकतही नाही.

केळं ओळखलं नाही याचं मला काही वाटलं नाही. मला लागलं ते नंतरचं. व्हरांड्यातून बाहेर निघताना लेकीनं फ्रॉक मुठीत गच्च धरला होता आणि पाय एकमेकांवर चढवले होते. दारातल्या मावशींच्या ते लगेच लक्षात आलं. त्या खाली वाकून मायेनं म्हणाल्या, "शू लागली का बाळा? चल की." लेकीनं मान हलवली, नाही. मी विचारलं तरी नाहीच. रिक्षात कळ काढत बसली आणि घराचा उंबरा ओलांडला तशी मोरीकडं पळाली. त्या शाळेत तिला साडेतीन तास बसायचं होतं. अनोळखी माणसाला, त्यानं स्वतःहून विचारलं तरी, आपली गरज सांगता येत नाही असं लेकरू साडेतीन तास काय करेल, हा विचार डोक्यातून जाईना. तिला एबीसीडी येत होती का, वीसपर्यंत आकडे येत होते का, यापुढं मला त्याचं काही वाटेनासं झालं.

सरकारी दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडं मी मुद्दाम गेले. थांबायचं की घालायचं हे विचारायच्या आधी, तिच्यात काही उणं तर नाही ना, हे मला कळायला हवं होतं. त्यांनी कान, डोळे बघितले, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते का विचारलं, हाक मारल्यावर वळते का, दुसऱ्याच्या डोळ्यांकडं बघते का, खोटंखोटं खेळते का हे सगळं विचारून घेतलं. घरी बाहुलीला पाटावर बसवून डाळभात भरवते, म्हटलं. त्या हसल्या. सगळं वयानुसार आहे, म्हणाल्या, लाजरी आहे एवढंच. मग एक गोष्ट त्यांनी ठासून सांगितली, ती प्रत्येक आईनं ऐकावी असं मला वाटतं. लेकरू उशिरा बोलत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर "होईल मोठं झाल्यावर" म्हणून घरात बसवून ठेवू नका. अशा लेकराला तपासणी आणि चार लेकरांची संगत लवकर मिळावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, तिथंही दाखवता येतं. थांबणं त्याच लेकरासाठी ठीक, ज्याला फक्त वेळ हवा आहे.

वयाचं गणितही त्यांनीच समजावलं. एकाच नर्सरीत जानेवारीतलं लेकरू असतं आणि डिसेंबरातलंही. जूनमध्ये एक साडेतीनच्या जवळ आलेलं, दुसरं अडीचचं. पंचविशीत अकरा महिन्यांचा फरक दिसतही नाही. अडीच वर्षांच्या लेकराला मात्र अकरा महिने म्हणजे आत्तापर्यंतच्या सगळ्या आयुष्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. बाई शिकवणार दोघांना एकच, आणि पुढं वर्षानुवर्षं "ही जरा मागं आहे" असं ऐकायला येणार ते डिसेंबरवालीच्या आईला. लिहिण्याबद्दल मी विचारलं, कारण त्या शाळेत नर्सरीतच पाटीवर ओळी गिरवून घेत होते. त्यांनी माझंच मनगट धरून दाखवलं. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. अडीच-तीन वर्षांच्या लेकराच्या एक्स-रेत त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असते. पेन्सिल मुठीत धरते म्हणून तिला रागवू नका, कणीक मळायला द्या, शेंगा सोलायला द्या. आता शेंगा आमच्याकडं पोत्यानं असतात, तेवढं काम सासूबाईंनी लगेच मनावर घेतलं.

फेब्रुवारीअखेर आम्ही पैसे भरले नाहीत. नर्सरी नको असं तोवर पक्कं ठरलं नव्हतं, पण शाळेच्या मुदतीनं आम्हाला ढकलावं हे नको होतं. त्याऐवजी मी लेकीला गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत नेऊन बसवायला लागले. खरं सांगायचं तर आमच्यासारख्या, महिन्याला बांधीव पगार येणाऱ्या घरांतली लेकरं तिथं कमी असतात. तिथं काय खाऊ मिळतो एवढंच लोकांना माहीत. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण हे अंगणवाडीचं काम आहे, आहार आणि लसीकरणाच्या जोडीनं. आणि या सगळ्याचं मूळ आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाडी थेट लेकरांच्या अंगणात नेली, बिया, खडे, शिंपले, पानं हीच शिकवायची साधनं केली. आमच्या अंगणवाडीत गेले तेव्हा ताईंच्या पुढ्यात चिंचोक्यांची वाटी, बाटल्यांची झाकणं आणि सागरगोटे होते. लेकरं चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकत होती, पाच झाले की टाळी.

पहिले काही दिवस लेक मदतनीस बाईंच्या मांडीवरून उठली नाही. मी समोर सतरंजीच्या कडेला बसायचे, मग दारात, मग बाहेर. ताईंनी तिला गाणं म्हण, नाव सांग असं एकदाही म्हटलं नाही. तिच्या हातात नुसती खिचडीची ताटली द्यायच्या आणि "त्या दादाला दे बरं" म्हणायच्या. ताटली घेऊन चार पावलं जायची, परत यायची. पुढं-पुढं ती ताटल्या वाटायला स्वतःहून उभी राहू लागली. मी ताईंना विचारलं, लेकरू शाळेला तयार झालंय हे तुम्हाला कशावरून कळतं? वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेली बाई. त्यांना विचार करावा लागला नाही. "लेकराला गरज सांगता येती का, अन् नाही म्हटलेलं सोसतंय का, एवढंच बघते मी. शू लागली, भूक लागली, त्यानं मारलं, हे परक्या बाईला सांगता आलं पाहिजे. अन् झोका दुसऱ्याला दिला तर धाय मोकलून न रडता थांबता आलं पाहिजे. अक्षरं काय, येत्यात."

"अन् आमच्याकडं अजून एक असतंय," त्या म्हणाल्या, "ते कुणी मोजत नाही." दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून ऊसतोडीचे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांच्यासोबत दुधावरचं लेकरूही. वस्तीवरची निम्मी सतरंजी रिकामी होते. ती लेकरं चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असतात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. ऑक्टोबरात धीटपणे गोष्ट सांगणारं पोरगं एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्यापासून मांडीवर बसतं. मोठ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, या लहानग्यांना आईसोबत जावंच लागतं. आमच्या घरी औंदाचा जून की पुढचा यावर एवढी चर्चा चालली होती, आणि त्याच सतरंजीवर बसणाऱ्या लेकरांच्या आयांना तो प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. तळावरच त्या लेकरांना नीट अंगणवाडी का मिळू नये, हे मला अजून कळत नाही, आणि त्याचा मला राग येतो.

एप्रिलमध्ये ताई म्हणाल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाणाऱ्या पोरांचा शाळा पूर्वतयारी मेळावा आहे, बघायला चला. "पहिले पाऊल" असं त्याला नाव आहे. लेझीम, फुगे, आणि मैदानात ओळीनं टेबलं मांडलेली. पहिल्या टेबलावर नाव नोंदवायचं, वजन-उंची घ्यायची. पुढं रेषेवरून चालायचं, दोरीवरून उडी मारायची, चेंडू झेलायचा. एका टेबलावर मणी ओवायचे, कागद फाडून चिकटवायचा, रंगांप्रमाणे वस्तू वेगळ्या करायच्या. कुठं चित्र बघून बोलायचं, कुठं घरच्यांबद्दल सांगायचं, कुठं वस्तू मोजून कमी-जास्त ओळखायचं. शेवटी आयांच्या हातात विकासपत्र आणि घरी घेण्याच्या खेळांची कार्डं. सहा वर्षांची पोरं होती, आणि तरी कुणी त्यांना अक्षर काढून दाखव म्हणत नव्हतं. एक मुलगा मणी ओवताना अडला तर बाईंनी मणी काढून घेतला नाही, दोऱ्याचं टोक मेणानं कडक करून दिलं. तीन महिन्यांपूर्वी इंग्रजी शाळेत दोन वर्षांच्या लेकीपुढं धरलेलं प्लास्टिकचं केळं मला तिथं आठवलं. एनसीईआरटीचा पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमही हेच सांगतो की या वयात लेखी-तोंडी कसलीच परीक्षा नको.

त्या रात्री जेवताना ठरलं. औंदा अंगणवाडीच, नर्सरी पुढच्या जूनला. शाळेत जाऊन मी आधीच विचारून आले होते, साडेतीनव्या वर्षी नर्सरीत घ्यायला त्यांची हरकत नव्हती. मामंजी म्हणाले, "वर्ष वाया गेलं म्हणतील लोक." सासूबाईंनीच उत्तर दिलं, "लेकरू घरात वाढायलंय, वाया काय जायलंय?" नणंदेच्या यजमानांना हे काही पटलं नाही, आजही पटलेलं नाही. त्यांच्या काळजीत खोट नाही, म्हणून मी वाद घालत नाही.

वर्षभर लेकीनं काय शिकलं ते मोठं सांगण्यासारखं नाही. चपला उजव्या-डाव्या ओळखू लागली, नाक पुसू लागली, डबा उघडू लागली. कोजागिरीनंतर एक दिवस मी तिला न्यायला गेले तर ती खिडकीशी उभी होती. नवीन आलेलं एक लेकरू भिंतीला टेकून रडत होतं. लेक ताईंकडं गेली, त्यांचा पदर ओढून म्हणाली, "बाई, त्याला शू लागलीय. तो सांगत नाही." ताईंनी माझ्याकडं बघितलं, आणि मी काय ते समजले. पुढच्या जानेवारीत आम्ही फॉर्म भरला. पुन्हा टेबल, पुन्हा फळं. केळ्याला ती केळंच म्हणाली, इंग्रजीत नव्हे, आणि वर मॅडमना विचारलं, "हे खरं का नाही?" जूनमध्ये दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी दारातल्या मावशींचा हात धरून आत गेली.

आमच्या शेजारचा मुलगा नोव्हेंबरातला, म्हणजे हिच्याहून महिन्यानंच मोठा. त्याला अडीचव्या वर्षी घातलं, त्याच शाळेत, आणि तो छान रमला. त्याची मोठी बहीण तिथं दुसरीत होती. तिला सोडायला-आणायला तो रोज आईच्या कडेवर शाळेत जायचा, मावशी, बाई सगळ्या त्याच्या ओळखीच्या. पहिल्याच दिवशी त्यानं स्वतःहून पाणी मागितलं म्हणे. त्याला वर्षभर थांबवलं असतं तर बहिणीमागं रोज रडला असता, असं त्याची आई म्हणते, आणि मला ते पटतं. आता तो ज्युनिअर केजीत आहे, आमची नर्सरीत. परवा त्या माउलीची जाऊ आली होती, तिचा मुलगा ऑक्टोबरातला. फॉर्मची मुदत संपत आली म्हणून घाबरून विचारत होती. मुदत जाऊ दे, आधी महिनाभर ताईंच्या अंगणवाडीत बसवून बघ, असं आम्ही दोघींनीही तिला सांगितलं.